पडद्याआडचे पाणी

दिवाळीच्या आधीचा रविवार. झाडलोटीची धामधूम चालू असलेले असेच एक घर. माळ्यावरचे डबे खाली आले, पंख्याची पाती पुसून झाली, खिडक्यांच्या काचा लखलखू लागल्या. काचा पुसायची फवाऱ्याची बाटली अजून हातातच होती, तेवढ्यात घरच्या बाईंचे लक्ष मुलाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे गेले. पडद्यावर बोटांचे ठसे, कडेला धूळ. बाईंनी चार फवारे मारले. ओघळ खालच्या पट्टीपर्यंत आले, ते जुन्या बनियनच्या फडक्याने टिपून घेतले. पडदा आरशासारखा झाला. संध्याकाळी मुलगा त्यावर क्रिकेटचा सामना पाहत बसला. सारे ठीक होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी घरात आजोबा एकटेच होते. परगावच्या लेकीशी बोलावे म्हणून त्यांनी नातवाने शिकवल्याप्रमाणे कॉम्प्युटर लावला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात धुरकट ढगासारखे काही तरी दिसत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. ढग होता तिथेच होता. बोलणे संपता संपता एक हिरवी रेघ वरपासून खालपर्यंत उमटली, ती काही केल्या जाईना.

संध्याकाळी घरात एकच प्रश्न होता. ‘‘आबा, तुम्ही नेमकं काय दाबलंत?’’

आबांनी काहीच दाबले नव्हते. पण पडदा बिघडताना समोर तेच होते. रविवारी घडलेल्या गोष्टीचा बोभाटा बुधवारी झाला आणि तो नेमका निरपराध माणसाच्या डोक्यावर फुटला. हे घर कोणाचेही असू शकेल. आबांच्या जागी कुठे कामाला येणाऱ्या मावशी असतात, कुठे धाकटे भावंड असते. पडद्यात शिरलेल्या पाण्याची खोडच अशी आहे. ते शिरते एका जागी, दिसते दुसऱ्या जागी आणि नुकसान दाखवते दोन-चार दिवसांनी. म्हणूनच ते आत काय करते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

सवय जुनी, पडदा नवा

फवारा मारण्याची ही सवय आली कुठून? पूर्वीच्या टीव्हीला आणि मॉनिटरला समोरून जाड काचेची पिक्चर ट्यूब असे. ती एकसंध, निर्वात आणि चहूबाजूंनी बंद. समोरून ओले फडके फिरवले तरी काचेतून आत काही जात नसे. धोका असे तो वरून आणि मागून. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी ठेवायची पद्धत होती. ती फुलदाणी कलंडली की पाणी मागच्या झरोक्यांतून आत जाई आणि रंगीत टीव्हीच्या पोटात तर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असे. तेव्हाचा बिघाड आवाज करत, धूर काढत होई. कोणाकडून झाला हे विचारावे लागत नसे.

आताचा चपटा पडदा मात्र काच दिसत असला तरी खिडकीच्या काचेसारखा नाही. तो अनेक पातळ पापुद्र्यांचा थर आहे. सुरळीच्या वड्या करताना पीठ पसरावे तसे एकावर एक पापुद्रे आणि कडेला प्लास्टिकची पट्टी. पट्टी आणि पडदा यांच्यामध्ये बारीकशी फट असते. बहुतेक घरगुती मॉनिटर आणि टीव्ही जलरोधक नसतात. ही फट म्हणजे पाण्याला उघडे दारच.

पापुद्र्यांचा संसार

आत काय काय असते, ते मागून पुढे असे पाहू. सगळ्यात मागे पांढरा शुभ्र परावर्तक कागद. त्याच्यापुढे पारदर्शक ऍक्रिलिकचा सपाट तक्ता. या तक्त्याच्या एका कडेला, बऱ्याचदा खालच्या, बारीक एलईडी दिव्यांची रांग असते. दिव्यांचा प्रकाश कडेतून आत शिरतो आणि तक्ता तो सगळ्या पडद्याभर पसरवतो. त्याच्यापुढे दुधी रंगाची आणि बारीक खाचांची अशा दोन-तीन पातळ फिल्म सैलसर ठेवलेल्या असतात. प्रकाश सारखा करणे आणि समोर वळवणे हे त्यांचे काम.

याच्यापुढे खरा पडदा. दोन पातळ काचा, दोन्हींच्या बाहेरून पोलरायझर नावाची फिल्म आणि काचांच्या मध्ये लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रवस्फटिकाचा थर. हा थर चार-पाच मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. पाण्यासारखा वाहणारा आणि तरी स्फटिकासारखी शिस्त पाळणारा हा पदार्थ प्रागमध्ये फ्रीडरिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस १८८८ साली पडला. या कथेत आपल्याकडचाही एक धागा आहे. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतो, हे दाखवून दिले. बाजूने पाहतानाही चित्र नीट दिसावे म्हणून पुढे एलसीडी पडद्यांवर ज्या फिल्म बसवल्या गेल्या, त्यांत असेच चकतीसारखे रेणू वापरले गेले.

दोन काचांमधला द्रवस्फटिक कडेने पक्का बंद केलेला असतो. सांडलेला चहा तिथे पोहोचत नाही. तो पोहोचतो त्याच्या मागच्या सैल फिल्ममध्ये आणि खालच्या कडेच्या तारांमध्ये. ‘लिक्विड क्रिस्टल ओला झाला’ असे कोणी सांगितले, तर तेवढे खरे मानू नये.

समईच्या वातीची चढाई

पाणी खाली वाहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग पट्टीजवळ साठलेले थेंब वर, पडद्याच्या मध्यापर्यंत कसे जातात? उत्तर देवघरात आहे. समईतले तेल वातीतून वर चढते ते कोणी ढकलल्यामुळे नाही. वातीच्या तंतूंमधल्या बारीक जागा तेलाला ओढून घेतात. शाळेच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हणतात. धुतलेल्या दोन सपाट ताटल्या ओल्या असतानाच एकीवर एक ठेवल्या तर घट्ट चिकटतात आणि मधले पाणी कडेपर्यंत पसरते, तोही याच नात्यातला प्रकार.

फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. पाण्याने सहज भिजतील असे दोन पृष्ठभाग एकमेकांपासून ०.१ मिलिमीटर अंतरावर उभे ठेवले, तर त्यांच्यामधले पाणी हिशेबाने सुमारे १४ ते १५ सेंटिमीटर वर चढू शकते. २४ इंची मॉनिटरचा पडदा साधारण ३० सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे ही चढाई निम्म्या पडद्यापर्यंतची झाली. प्लास्टिकच्या फिल्म काचेइतक्या भिजत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात पाणी इतके वर जाईलच असे नाही. पण काच पुसायच्या द्रावात साबणासारखे घटक असतात आणि पाण्याला प्लास्टिकवर पसरवणे हेच त्यांचे काम. साधे पाणी जिथे थेंब होऊन थांबले असते, तिथे हा द्राव पसरत जातो. आडव्या दिशेने तर त्याला गुरुत्वाकर्षणाचीही आडकाठी नसते.

म्हणूनच बाहेरून पडदा कोरडा ठणठणीत दिसतो, तेव्हा आत प्रवास चालू असतो. फडक्याने पुसले ते ओघळ. फटीत गेले त्याला फडके पोहोचत नाही.

डाग म्हणजे वाट चुकलेला प्रकाश

आबांना दिसलेला ढग हा रंगाचा डाग नव्हता. ऍक्रिलिकच्या तक्त्यात प्रकाश आतल्या आत आपटत पुढे जातो. बाहेर हवा आहे तोवर ४२ अंशांहून अधिक कलून पृष्ठभागावर आपटणारा प्रकाश बाहेर पडत नाही, आत परततो. तक्त्याला पाणी चिकटले की हीच मर्यादा ६३ अंशांवर जाते आणि एरवी पुढे गेला असता तो प्रकाश तिथेच बाहेर पडतो. खाचांच्या फिल्मचेही तसेच. खाचांत हवा असेल तरच त्या प्रकाश नीट वळवतात, पाणी भरले की त्यांची धार बोथट होते. म्हणून एक भाग उगाच उजळ आणि शेजारचा मंद, असा ढग दिसू लागतो.

पाणी वाळले की ढगाची जागा कडा घेतात. चहाच्या कपाखालचा डाग आठवा. मध्ये फिका, कडेला गडद. असे का होते, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केला. थेंबाच्या कडेचे पाणी झपाट्याने उडते, ती उणीव भरायला मधले पाणी कडेकडे धावते आणि येताना विरघळलेले, तरंगणारे सारे कडेला आणून टाकते. पडद्याच्या पोटातही हेच घडते. शुद्ध पाणी असेल तर कधी कधी मागमूसही राहत नाही. चहा, सरबत, दूध किंवा क्षारांचे बोअरिंगचे पाणी असेल, तर नकाशावरच्या किनाऱ्यासारखी रेघ कायमची राहते.

ढग गेला, रेघ का आली?

डाग नजरेला खुपतो, पण खरे नुकसान त्याच्या खाली चालू असते. साध्या फुल एचडी पडद्यावर उभे १,९२० ठिपके-रकाने असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन. म्हणजे ५,७६० उभ्या रेघा. २४ इंची पडद्यावर एकेका रेघेच्या वाट्याला मिलिमीटरचा दहावा भागही येत नाही. या साऱ्यांना हुकूम पोहोचवणाऱ्या तारा काचेच्या कडेला, बऱ्याच मॉनिटर-लॅपटॉपमध्ये खालच्याच कडेला, फितीसारख्या लवचीक पट्ट्यांवर एकवटलेल्या असतात. तिथे तर त्या आणखी दाटीवाटीने बसतात. ओघळ येऊन साठतो तोही तिथेच.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण घरात सांडते ते पाणी क्षारांचे, साबणाचे, साखर-दुधाचे. अशा ओल्या जागी वीज चालू असली की विद्युत अपघटन सुरू होते. एका तारेचा धातू विरघळतो आणि शेजारच्या तारेकडे सरकून बारीक फांद्यांसारखा साठू लागतो. त्या फांद्या पलीकडे टेकल्या की दोन तारांची गाठ पडते. दुसरीकडे तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर तारांवर चढतो आणि तार तुटते. एक तार गेली की एक रेघ. एका चिपचे सांधे गेले की पडद्याचा आख्खा पट्टा नाहीसा होतो.

हे काम तासाभरात होते किंवा आठवडाही घेते. ओल किती, क्षार किती यावर ते ठरते. त्याला लागतात फक्त दोन गोष्टी, ओल आणि वीज. ओल लगेच काढणे आपल्या हातात नसते. वीज मात्र क्षणात बंद करता येते. रविवारी संध्याकाळी क्रिकेटचा सामना चालू होता, तेव्हा आतल्या तारांचा सामनाही चालूच होता.

तांदळाचा डबा आणि गरम हवा

भिजलेली वस्तू तांदळाच्या डब्यात पुरायची, हा उपाय मोबाइलच्या निमित्ताने घरोघर पोहोचला. बंद डब्यातला तांदूळ मोकळ्या हवेपेक्षा फार काही साधत नाही. उलट त्याचे कण आणि कोंडा फटींत जातो. अॅपल कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या सूचनांत भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, असे स्पष्ट सांगितले. मॉनिटरला तर तांदूळ लावायचा तरी कुठे?

केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा त्याहून वाईट. आतल्या फिल्म प्लास्टिकच्या. उष्णतेने त्या वेड्यावाकड्या फुगतात आणि पाणी वाळले तरी लाटा कायम राहतात. शिवाय हवेचा झोत पाण्याला आणखी आत ढकलतो. पडदा उन्हात ठेवणेही टाळावे.

पाणी सांडलेच तर

पहिले काम पुसणे नव्हे. कोरड्या हाताने भिंतीवरचे बटण बंद करा आणि मग प्लग काढा. बटण किंवा प्लगच ओला असेल तर त्याला हात न लावता घराचा मेन स्विच बंद करा. मॉनिटरवरचे बटण दाबले म्हणजे वीज गेली असे होत नाही. पडदा काळा होतो, आतला काही भाग चालूच राहतो. कॉम्प्युटरकडून येणारी केबलही काढून ठेवा.

मग कोरड्या, सुती फडक्याने टिपा, घासू नका. पडदा उभाच ठेवा, किंचित पुढे झुकवा आणि खालच्या पट्टीला जाड टॉवेल लावा, म्हणजे फटीतले पाणी आल्या वाटेने बाहेर येईल. पाणी झटकण्यासाठी मॉनिटर हलवणे, उलटा करणे, पाठीवर आडवा टाकणे या तिन्ही गोष्टी पाण्याला फिल्मच्या आत नेतात. साधे पाणी असेल तर पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस राहू द्या. पावसाळ्यात, कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत, आणखी थांबा. मधेच ‘चालतो का बघू’ म्हणून लावणे, हीच सगळ्यात महागात पडणारी उत्सुकता.

चहा, दूध, सरबत, मीठ-साखर असलेले काहीही सांडले तर वाळणे पुरेसे नाही. पाणी उडून जाते, क्षार आणि साखर मागे राहतात आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओल धरतात. अशा वेळी न लावता दुरुस्तीवाल्याकडे नेलेले बरे. घरी मात्र मागचे झाकण उघडू नका. ज्या मॉनिटरमध्ये विजेचा पुरवठा आतच बसवलेला असतो, त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ तीनशेहून जास्त व्होल्टचा दाब राहू शकतो.

दुखणे ओळखा, मगच खिसा उघडा

दुकानात जाण्यापूर्वी घरीच थोडी पारख करता येते. धुरकट ढग चित्र बदलले तरी तसाच राहत असेल, तर दोष मागच्या फिल्ममध्ये आहे. तासातासाला त्याचा आकार बदलत असेल, तर आत अजून ओल आहे, लगेच बंद करा. कुशल कारागीर फिल्म सुट्या करून पुसू शकतो. धूळ आत जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागते. उभ्या रेघा किंवा पट्टे असतील तर दोष तारांच्या सांध्यांत. तो काढणे कठीण आणि पॅनेल बदलायचे तर खर्च अनेकदा नव्या मॉनिटरच्या जवळ जातो. पडदा काळा असेल, तर खोलीत अंधार करून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाका. चित्र अंधूक दिसले, तर पडदा शाबूत आहे, मागचे दिवे गेले. आणि शाईसारखा काळा डाग, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, असे असेल तर ते पाणी नव्हे, काच फुटली आहे.

साध्या वॉरंटीत सांडलेल्या पाण्याचे नुकसान सहसा धरत नाहीत, अपघाताचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. घेतले असेल तर दुसरीकडे उघडण्याआधी कंपनीला कळवावे.

आणि पुसायचे कसे? पडदा बंद आणि गार असताना, मऊ कोरड्या फडक्याने. तेवढ्याने डाग न निघाल्यास फडके किंचित ओलसर करून, माहितीपत्रकात सांगितले असेल त्याच द्रावाने. फवारा नेहमी फडक्यावर, पडद्यावर कधीच नाही. अमोनियाचे काच-पुसणे तर पडद्यावरचा लेपही खराब करते.

त्या घरी शनिवारी दुरुस्तीवाला आला. पट्टी काढून खालच्या कडेवरचा हिरवट थर त्याने बोटाने दाखवला आणि विचारले, ‘‘काकू, मधे समोरून काही फवारलं होतंत का?’’ बाईंना रविवार आठवला. फिल्म पुसून ढग गेला. हिरवी रेघ मात्र राहिली. नव्या पॅनेलचा खर्च ऐकून घराने ती तशीच ठेवायचे ठरवले.

रात्री जेवताना बाई म्हणाल्या, ‘‘आबा, फवारा मी मारला होता. तुमचा काही दोष नव्हता.’’

मुलाने काही न बोलता आबांच्या ताटात भात वाढला. आबा चार दिवस कॉम्प्युटरच्या खोलीकडे फिरकले नव्हते. त्यांनी भात कालवला आणि विचारले, ‘‘म्हणजे उद्या ताईला फोन लावून द्याल ना? ती रेघ असू दे. तिच्या बाजूनं चेहरा दिसतो की सगळा.’’